दोन नंबरचा ड्रम

दयारामांनी रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यात एकतीस वर्षं चाकांवर हातोडी मारली. वॅगन आत आली की तिच्याखाली वाकायचं, एकेका चाकाला एक ठोका द्यायचा आणि चांगलं की फुटकं ते सांगायचं, एवढंच काम. चांगलं लोखंड घणघणतं, तडा गेलेलं लोखंड मुकं होतं. निवृत्तीच्या दिवशी सरकारी हातोडी जमा झाली, पण महिन्याभरात त्यांनी लोहाराकडून त्याच वजनाची, लांब दांड्याची दुसरी घडवून घेतली. ती दारामागे खिळ्याला टांगलेली असे. तिचा कशालाच उपयोग नव्हता. अंजनाबाई तिला आपली सवत म्हणत.

रेल्वे कॉलनीत 'दयारामचे कान' ही एक गोष्टच होऊन बसली होती. ती सांगायचे शालिग्राम, त्यांच्याच पाळीतले फिटर. एकदा तिघांनी पास केलेल्या चाकापाशी दयाराम थांबले, एक ठोका मारला आणि म्हणाले, हे काढा. साहेब चिडले, चाक निघालं, आणि आतल्या बाजूला केसाएवढा तडा सापडला. शालिग्राम दर वर्षी तो तडा थोडा थोडा लांबवत आणि शेवटी म्हणत, "दयारामचे कान म्हंजे सरकारी मशीन."

दयारामांना आबाजी म्हणणारी त्यांची नात साक्षी ही गोष्ट ऐकत मोठी झाली आणि पुढे कानांचंच शिकली. श्रवणशास्त्राची पदवी घेऊन ती शहरातल्या तेलीबांध्याजवळच्या एका कानाच्या दवाखान्यात लागली. बंद खोलीत माणसाला पाठमोरं बसवायचं, कानात उंच-खालचे सूर सोडायचे, ऐकू आलं की बोट वर करायला सांगायचं आणि कागदावर आलेख काढायचा, असं तिचं काम. संध्याकाळी घरी ती लॅपटॉपवर संगीत करत बसे. वाद्यं नव्हती, गाता येत नव्हतं. पण एखादा आवाज घेऊन तो ताणायचा, चिरायचा, उलटा फिरवायचा आणि त्यातून ठेका उभा करायचा, यात तिचे तासचे तास जात.

दोन वर्षं तिने इंटरनेटवरचे तयार आवाज वापरले. ते सगळे स्वच्छ होते आणि कुणाचेच नव्हते. मग एका सकाळी आबाजींनी स्वयंपाकघरात गॅसच्या सिलिंडरवर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि आजीला सांगितलं, "चार दिवस चालते." साक्षी दारात थबकली. चहा होईपर्यंत तिने दारामागची हातोडी काढून त्यांच्या हातात दिली होती आणि फोनचा रेकॉर्डर सुरू केला होता. त्या महिन्यात आबाजींनी फाटक, पाण्याची टाकी, लोखंडी पलंग, रुळाचा एक तुकडा आणि आजीचा खलबत्ता एवढं सगळं वाजवलं. साक्षीने प्रत्येक आवाजाचा आलेख काढून पाहिला. सूर एकमेकांशी नीट हिशेबात नव्हते. घंटेसारखे वेडेवाकडे पसरलेले होते, आणि म्हणूनच ऐकत राहावेसे वाटत. त्यातून तिने 'चाक' नावाचा सहा मिनिटांचा तुकडा केला. मधूनमधून त्यात आबाजींचा आवाज होता: "ठोका मारला का समजते."

तिने इंटरनेटवर टाकलेलं 'चाक' ऐकून पियुषने तिला फोन केला. पियुषही असलंच संगीत करायचा. अभनपुरच्या बाजारात धानाचा लिलाव पुकारणाऱ्यांच्या बोलीवरून त्याने ठेके बांधले होते. तेलीबांध्याच्या एका कॅफेत तो एक रविवारची संध्याकाळ ठरवत होता. अट अशी, की प्रत्येकाने आपलं संगीत वाजवण्याआधी ते कुठून आलं हे लोकांसमोर ठेवायचं. एक मुलगी आईचं शिलाई मशीन आणणार होती. तो स्वतः पुकारणाऱ्या भैयालाच घेऊन येणार होता.

"तू आजोबाला आण," तो म्हणाला. "तीन लोहे लटका देंगे, एक फुटका. आजोबा ठोककर सांगतील कोणता फुटका आहे. मग तू 'चाक' सुरू कर. पब्लिक पागल हो जाएगी."

साक्षीला कल्पना आवडली. आबाजींनाही आवडली, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. "शालिग्रामले बोलाव," एवढंच म्हणाले. "आन् त्या कडुनिंबाखालच्या बाकावरच्या साऱ्याईले. दोन वर्सं झाले, म्हनते दयारामचे कान गेले."

कान गेलेच होते. वर्षभरापूर्वी साक्षीने स्वतः त्यांचा आलेख काढला होता. खालचे सूर ठीक. दोन हजार हर्ट्झच्या पुढे रेघ सरळ खड्ड्यात. फुटक्या आणि चांगल्या लोखंडातला फरक मुख्यतः तिथेच असतो, वरच्या सुरांत. तो कागद तिने दवाखान्याच्या फायलीत ठेवला आणि घरी सांगितलं, वयाच्या मानाने छान आहे.

भंगारवाल्याकडून तिने मिनी ट्रकचे तीन ब्रेक ड्रम आणले. एकाला तडा होता. तिन्हींना काळा रंग मारल्यावर डोळ्यांना काही फरक दिसेना. मग एका दुपारी तिने आबाजींना खुर्चीवर पाठमोरं बसवलं, दवाखान्यात बसवते तसं, आणि स्वतः मागे उभं राहून एकेक ड्रम वाजवला.

"फुटका वाजला की बोट वर करा."

"हे कायले?"

"तयारी, आबाजी."

दहा वेळा तिने तिन्हींची फेरी घेतली, दर वेळी क्रम बदलून. चार वेळा त्यांचं बोट बरोबर ठिकाणी वर आलं. तीन ड्रम आणि दहा फेऱ्या. नुसत्या अंदाजानेही तीन-चार बरोबर आले असते. आबाजींनी मागे वळून विचारलं, "जमलं का?" ती म्हणाली, "जमलं."

त्या रात्री जेवताना ती हिशेब करत राहिली. चाळीस लोक येणार, बाकावरची सगळी मंडळी येणार, आणि त्यांच्यासमोर आबाजींचं बोट भलतीकडेच वर होणार. बेत रद्द करावा तर कारण सांगावं लागेल. कारण सांगावं तर तो कागद बाहेर काढावा लागेल. दोन दिवस विचार करून तिने एक उपाय काढला, आणि तेव्हा तरी तिला तो प्रेमाचा वाटला.

तिन्ही ड्रमना नाण्याएवढ्या चकतीचे माइक चिकटवायचे. त्यांचा आवाज लॅपटॉपमधून स्पीकरवर जाणार. एक आणि दोनवर ठोका पडला की चांगल्या ड्रमचा आधी रेकॉर्ड केलेला घणघणाट वाजू द्यायचा, म्हणजे फरक उठून दिसेल. तीन नंबरच्या वायरीतून मात्र तिने बनवलेला आवाज जाईल: फुटक्याचाच, पण उतरवून खाली आणलेला, आबाजींना अजून ऐकू येतं त्या पट्टीत. ढब्ब. तो त्यांना चुकणार नाही. फुटका ड्रम तिसरा टांगायचा म्हणजे खोटंही फार नाही, असं तिने स्वतःला समजावलं. चष्म्यासारखंच आहे हे. आबाजींना सांगायची गरज नाही.

ड्रमच्या मागे तिने खडूने एक, दोन, तीन असे आकडे घातले आणि शनिवारी ते पियुषच्या गाडीत चढवले.

रविवारी ती आबाजींना स्कूटरवर घेऊन गेली. मागे बसले की ते नेहमी डावा हात तिच्या खांद्यावर ठेवत. तसाच ठेवला होता. उजव्या हातात हातोडी, पांढरा सदरा, केसांना तेल. कॅफेत पोचले तर शालिग्राम आणि बाकावरचे चौघे पहिल्या रांगेत बसून कोल्ड कॉफीकडे संशयाने पाहत होते.

"जय भीम, दयाराम," शालिग्राम म्हणाले. "साठ सालची बनियन नाई घातली आज."

"जय भीम. तुह्यासारखी दुसऱ्याची पॅन्ट त नाई घातली."

पियुषने ड्रम आधीच टांगून ठेवले होते, एका लोखंडी चौकटीला, हारीने, फोटोत दिसतील असे पुसून लख्ख करून. साक्षीने डावीकडून एक, दोन, तीन अशा वायरी जोडल्या. तिन्हींचा आवाज येतो का ते पाहिलं. आला. मागचे आकडे पाहिले नाहीत. पाहिले असते तर कळलं असतं, की आकडे उरलेलेच नव्हते. पियुषच्या फडक्याने ते कधीच पुसले होते.

शिलाई मशीन झालं. अभनपुरच्या भैयाने अशी काही बोली पुकारली की मागच्या टेबलावरच्या एकाने गमतीत हात वर केला. मग साक्षीने माइक हातात घेतला आणि आजोबांबद्दल सांगितलं. एकतीस वर्षं, हजारो चाकं, आणि कॉलनीत अजून सांगतात ते कान. मागून खाली एक संथ ठेका तिने सुरू ठेवला होता. पडद्यावर तिन्ही ड्रमचे आलेख हलत होते.

आबाजी उठले. त्यांनी हातोडीचा दांडा अगदी टोकाला, तीन बोटांत, सैल धरला. साक्षीला तो त्यांचा दिमाख वाटे.

एक. स्पीकरमधून घण्ण आलं. पडद्यावर उंच रेघा उठल्या.

दोन. घण्ण. आबाजी थांबले. मान किंचित तिरपी केली.

तीन. ढब्ब.

पहिल्या रांगेत हालचाल झाली. शालिग्रामांनी शेजाऱ्याला कोपर मारलं. फरक कुणालाही कळावा असाच होता. आबाजींनी स्पीकरकडे पाहिलं, मग तिसऱ्या ड्रमकडे, आणि मग साक्षीकडे. त्यांनी तिसऱ्यावर परत एक ठोका मारला. ढब्ब. मग दोनवर मारला. घण्ण.

"सांगा, आबाजी," साक्षी हसत म्हणाली.

"दोन."

पडद्यावर तिसऱ्या ड्रमचा आलेख आडवा, मेल्यासारखा पडला होता आणि दुसऱ्याचा छान उंच उभा होता. कुणीतरी मागे हळूच हसलं. तसं वाईट हसू नव्हतं ते. म्हाताऱ्या माणसाचं कौतुक वाटलं की लोक हसतात तसं.

"दयाराम," शालिग्राम म्हणाले, "अबे, तीन. बहिऱ्यालेही समजलं ना."

आता सगळेच हसले. आणि त्या हसण्याने खालचा ठेका क्षणभर झाकला गेला, तेवढ्यात आबाजींनी दोनवर आणखी एक ठोका मारला. साक्षी ड्रमपासून दोन हातांवर उभी होती. स्पीकरचा आवाज तिच्या पाठीमागे होता. तिला ड्रमचा स्वतःचा, उघडा आवाज ऐकू आला, आणि तो मुका होता.

ड्रमची अदलाबदल झाली होती. फुटका मध्ये टांगला होता. दोनच.

तिचा हात माइकवर होता. एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य म्हणायचं तर पुढचंही म्हणावं लागलं असतं, की मग तिसऱ्याचा आवाज तसा का आला, आणि तेच तिला टाळायचं होतं. चाळीस माणसं, दहा-बारा फोन, पडदा. हा तुकडा संपला की सांगते, तिने ठरवलं.

"आबाजींसाठी टाळ्या," ती म्हणाली.

टाळ्या पडल्या. आबाजींनी हातोडी खाली केली. "असन," असं म्हणून ते जागेवर जाऊन बसले. 'चाक' सुरू झालं. सहा मिनिटं त्यांचा आवाज स्पीकरमधून म्हणत राहिला, ठोका मारला का समजते, ठोका मारला का समजते, आणि तिसऱ्यांदा तो आला तेव्हा शालिग्राम खुर्चीतल्या खुर्चीत डोळे पुसेपर्यंत हसले. संपलं तेव्हा लोक उठले होते, कुणी समोसा मागत होतं, कुणी तिचा नंबर. सांगायची वेळ निघून गेली, असं तिने मानून घेतलं.

परत येताना आबाजींनी हात तिच्या खांद्यावर ठेवला नाही. मागच्या दांडीला धरून बसले. घरी येऊन हातोडी खिळ्याला लावली.

सोमवारी ते बाकावर गेले नाहीत. मंगळवारीही नाही. कॉलनीतल्या कडुनिंबाखालचा तो बाक म्हणजे त्यांची रोजची हजेरी. सकाळी साडेसहाला निघायचे, आठला परत. बुधवारी साक्षी कामावर निघाली तेव्हा ते अंगणात बसून वाचलेलाच पेपर वाचत होते.

"पाय दुखते म्हनते," अंजनाबाई तिला स्वयंपाकघरात म्हणाल्या. "पाय नाई दुखत त्याचा. काल शालिग्राम दारावरून आवाज देऊन गेला, सरकारी मशीन आहे का घरात म्हून. तं हे मोरीत जाऊन बसले."

साक्षीने डबा पिशवीत टाकला आणि बाहेर पडली.

त्या दिवशी तिने दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत पहिल्यापासूनची सगळी रेकॉर्डिंग काढली. काय शोधतेय ते तिला नीट माहीत नव्हतं. दोन नंबर त्यांनी कसा सांगितला, एवढंच तिला कळत नव्हतं. दहातले चार, आणि कागदावरची ती रेघ. हे दोन्ही खरं होतं. कान नव्हते. स्पीकर तर उलटंच सांगत होता. मग काय होतं?

उत्तर पहिल्याच फायलीत होतं, गॅस सिलिंडरच्या दिवशीच्या. तिचाच आवाज विचारत होता, "आबाजी, फुटकं आहे हे कसं समजतं?" आणि आबाजी म्हणत होते, "ठोका मारला का समजते." तिने वापरलं होतं ते इथवरच. वाक्य पुढे सुरू होतं.

"कानाचं काय काम तिथं? शेडमंदी आपला आवाज आपल्याले येत नसे. लोक म्हनते कान, म्हनू दे. हे हातात येते. दांडा ढिला धराचा, तीन बोटात. चांगलं चाक हातोडीले परत फेकते. फुटकं गिळून घेते. घट्ट धरला त काईच नाई समजत."

आणि त्यावर तिचा आवाज: "हव आबाजी. जरा फोनकडे बघून बोला ना, आवाज कमी येऊन राहिला."

बाहेर ट्रक मागे घेताना भोंगा वाजत होता, म्हणून एवढा भाग तिने कापला होता.

तिने हेडफोन काढले. बंद खोलीत एक पेशंट पाठमोरा बसून तिची वाट पाहत होता. तिला स्वतःची ती दुपार आठवली. खुर्ची, पाठमोरे आबाजी, आणि हातोडी कुणाच्या हातात? तिच्या. ज्या हाताची परीक्षा घ्यायची तो तिने मांडीवर ठेवायला लावला होता आणि परीक्षा घेतली होती कानाची. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने असा प्रयोग मांडला असता तर तिने त्याला हाकललं असतं. आणि तो आलेख! कान बिघडले ते कारखान्याच्या आवाजानेच, हे तिने त्याच कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. जिथे आवाजाने कान जातात, तिथे माणूस कानाने काम करत असेल कसा, हा साधा प्रश्न तिला पडला नव्हता. एका प्रेमळ गोष्टीवर तिने विश्वास ठेवला होता आणि एका कागदावर. ज्या माणसाबद्दल ते दोन्ही होते त्याला विचारलं नव्हतं.

दोष पियुषच्या फडक्यावर टाकता आला असता. पण आकडे पुसले गेले नसते, ड्रम तिने ठरवल्याप्रमाणे लागले असते, तर आबाजींनी तीन सांगितला असता, टाळ्या पडल्या असत्या, आणि आपण म्हाताऱ्याला सांभाळून घेतलं या समाधानात ती जन्मभर राहिली असती. हा विचार तिला सगळ्यात जास्त लागला.

संध्याकाळी ती अंगणात आबाजींच्या खुर्चीजवळ खाली बसली आणि सगळं सांगितलं. तिसऱ्याची वायर, खाली आणलेला आवाज, दहातले चार, कापलेला भोंगा. आबाजी पेपरची घडी करत राहिले. ती घडी फार लहान झाली.

"उद्या बाकावर जाऊन सगळ्यांना सांगू का?" ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं. तुम्हाला विचारून."

"आता इचारून राहिली," ते म्हणाले. मग घडी बाजूला ठेवून म्हणाले, "ते डोक्याले लावाचं आन. कानावरचं."

"हेडफोन?"

"हव. आन् दोन ड्रम आन. तुह्या सांगन्यानं नाई होत ते. शालिग्राम मानत नाई कोनाचं."

सकाळी सातला साक्षी बाकासमोर उभी होती. स्कूटरच्या पायदानावर दोन ड्रम आणले होते, एक चांगला आणि एक फुटका. बाकावरच्या पाच म्हाताऱ्यांसमोर तिने सांगायला सुरुवात केली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला. वायर, लॅपटॉप हे त्यांना कळेना, तेव्हा तिला ते साधं करून सांगावं लागलं, आणि साधं केल्यावर ते जास्त वाईट झालं.

"तिसरा चांगला होता. मी त्याचा आवाज खोटा केला होता. आबाजी बरोबर होते, आणि मला तिथेच समजलं होतं. मी बोलले नाही."

"खोटा काहून केला पन?" शालिग्रामांनी विचारलं.

"मला वाटलं त्यांना येणार नाही."

शालिग्राम दयारामांकडे पाहू लागले. दयाराम झाडाकडे पाहत होते.

मग आबाजींनी हेडफोन पुढे केले आणि साक्षीने समजावलं. हेडफोनमध्ये ती मोठा खरखराट सोडेल, म्हणजे बाहेरचं काही ऐकू येणार नाही. डोळ्यांवर शालिग्रामकाकांचा गमछा. फांदीला एकच दोरी, तिला शालिग्रामकाका मनाला येईल तो ड्रम अडकवतील. "दोनच ड्रम आहेत," ती म्हणाली, "नुसत्या अंदाजानेही निम्मे बरोबर येतील. म्हणून वीस वेळा घेऊ."

खरखराट सुरू झाला. "शेडसारखंच वाटते," आबाजी ओरडून म्हणाले, कारण स्वतःचा आवाज त्यांना येत नव्हता. बाक हसला.

पहिला ठोका. "फुटका." दुसरा. "चांगला." तिसरा. "चांगला." शालिग्रामांनी चौथ्या वेळी तोच ड्रम काढल्यासारखं करून परत लावला. "चांगला, तोच आहे." साक्षी वहीत खुणा करत होती. दर बरोबर खुणेला आनंद व्हायला हवा होता. तिला मात्र दर खुणेला कॅफेतलं ते हसू पुन्हा ऐकू येत होतं. सात. आठ. ठोका देताना दांडा त्यांच्या तीन बोटांत किंचित उडत होता आणि फुटक्यावर उडत नव्हता. एवढं ढळढळीत होतं ते. महिनाभर ते तिच्यासमोर घडत होतं आणि ती फोनच्या पडद्याकडे पाहत होती.

बाराव्या ठोक्यानंतर आबाजींनी गमछा सोडला आणि हेडफोन काढले. "बस."

"पोरीनं वीस म्हनलं," शालिग्राम म्हणाले.

"वीस तिले पायजे. तुले किती पायजे?"

शालिग्रामांनी हातोडी मागून घेतली, दांडा टोकाला धरला आणि फुटक्यावर मारून पाहिलं, मग चांगल्यावर, मग परत फुटक्यावर. "मले त सारखंच लागते," ते म्हणाले. आणि हातोडीकडेच पाहत, "तीस वर्सं मी कान कान करून राहिलो."

"करत राय. गोष्ट चांगली हाये."

परतताना आबाजी मागे दांडीला धरून बसले. ड्रम पायाशी एकमेकांवर आपटत होते. कॉलनीच्या फाटकाबाहेर आल्यावर साक्षीने विचारलं, "आबाजी, त्या दिवशी तुम्हाला समजलं होतं ना, तिसऱ्याचा आवाज खोटा आहे?"

"समजलं."

"मग तुम्ही काहून नाही बोललात?"

"तुह्या कामाच्या जागेवर तुले खोटी पाडू?"

समोर एक बस उभी राहिली, तिने स्कूटर थांबवली.

"तू मले पाडलं ते ठीक," ते म्हणाले, आवाज न चढवता. "तुले वाटलं मले येत नाई. आपल्या मानसाले झाकते मानूस. पन समजल्यावर टाळ्या मागतल्या तू."

बस सुटली. तिला आरसा पाहायचा होता, पण आरशात ते दिसले असते.

"ते गानं इंटरनेटवरून काढलं म्हने," थोड्या अंतराने आबाजी म्हणाले.

"हव. काल."

"गान्यानं काय केलं? ते पुढचं टाक त्याच्यात. हाताचं."

"त्यात ट्रकचा भोंगा आहे, आबाजी."

"राहू दे भोंगा."

घराकडे वळायच्या आधी रस्ता खोदून ठेवला होता. स्कूटर एका बाजूला कलली तेव्हा त्यांनी डावा हात तिच्या खांद्यावर ठेवला, तीन बोटं, सैल. रस्ता नीट झाल्यावर तो काढून घेतला.